कालवडीच्या छातीला टेप लावा

भोसरी एमआयडीसीत गवळीमाथा नावाचा चौक आहे. आज तिथे गवळी शोधावा लागतो. दिसतात त्या पत्र्याच्या शेड, स्क्रॅपचे टेम्पो आणि शिफ्ट सुटली की टपरीवर होणारी चहाची गर्दी. तरी गोठे अजून संपलेले नाहीत. दिघी, चऱ्होली, डुडुळगाव, मोशी, चिखली या अंगाला घरामागे दोन-चार गायी बांधणारी घरं आहेत. घरातला एक जण कंपनीत, एक जण किटल्या घेऊन सोसायट्यांच्या दारात. जमीन विकली गेली, संपादनात गेली, पण गोठा मोडवला नाही, असा हा कारभार. हा लेख त्या घरांसाठी आहे. चाकण, खेड, मंचरकडच्या वाचकांनाही तो उपयोगी पडेल. त्यांच्याकडे निदान वैरण तरी स्वतःची असते.

मी एका लहान कारखान्यात क्वालिटीत उमेदीची वर्षं काढली. शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायचा, चार्टवर ठिपका टाकायचा, ठिपके एका बाजूला सरकायला लागले की माल बिघडायच्या आधी मशीन थांबवायचं. आणि संध्याकाळी गोठ्यात आलो की कालवडीच्या पाठीवर थाप मारून म्हणायचं, "झाली की आता भरवण्याजोगी!" दिवसभर मोजमापावर भांडणारा माणूस घरी आल्यावर सगळं नजरेवर सोडत होता.

त्याचा फटका बसला तो एका काळ्या-बांड्या संकरित कालवडीत. बाजारातून आणली होती. विकणाऱ्याने दीड वर्षाची सांगितली. दात सगळे दुधाचेच होते, त्यामुळे ते खोटंही वाटलं नाही. माज दिसला, जरा पुसटच. रेतन केलं. एकविसाव्या दिवशी उलटली. पुन्हा केलं, पुन्हा उलटली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी हात घालून तपासलं आणि म्हणाले, "पिशवी अजून बारकी आहे हो. हिचं वजन किती आहे?" मला सांगता येईना. शाफ्टचं वजन मला ग्रॅममध्ये पाठ असायचं.

घरात शिवणकामाची टेप होती. छातीचा घेर भरला ५२ इंच, अंगाची लांबी ४८ इंच. हिशेब केला तर वजन १९७ किलो. होल्स्टीन संकरित कालवड पहिल्यांदा भरवायची ती साधारण २५० किलोच्या आसपास, असं जनावरांच्या दवाखान्यातल्या तक्त्यावर छापलेलं असतं आणि मी ते कित्येकदा वाचलेलं होतं. ५० किलो कमी असलेल्या जनावरावर मी तीन रेतनं आणि दोन महिने घालवले होते.

तो हिशेब असा करायचा. टेप इंचांची घ्या. जनावर सपाट जागेवर, चारी पाय सरळ, मान पुढे, अशा अवस्थेत उभं करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून, खांद्यामागच्या खळग्यातून छातीभोवती टेप फिरवा. केस दबतील इतपत ताण द्या, मास दबू देऊ नका. हा झाला घेर. मग खांद्याचं जे टोक छातीजवळ पुढे आलेलं असतं, तिथपासून शेपटीखालच्या बाजूला हाडाचं टोक हाताला लागतं तिथपर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत येतं. माझ्या कालवडीचं: ५२ गुणिले ५२ म्हणजे २७०४, गुणिले ४८, भागिले ६६०. टेप सेंटिमीटरची असेल तर ६६० च्या जागी १०,८४० घ्या. दर वेळी सकाळी, वैरण-पाण्याआधी, आणि शक्यतो एकाच माणसाने माप घ्यायचं. पोट भरलेलं जनावर आणि रिकाम्या पोटाचं जनावर यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

या मापात पाच-दहा टक्क्यांची चूक राहते. ती मला चालते, कारण मला एका दिवसाचा अचूक आकडा नको असतो, दर महिन्याची चाल हवी असते. आणि दर वेळी त्याच पद्धतीने मोजलं तर चाल बऱ्यापैकी बरोबर कळते. ज्याला खात्री करायची हौस आहे त्याने टेम्पो वजनकाट्यावर न्यावा, आधी रिकामा आणि मग कालवडीसह. आपल्या पट्ट्यात काट्यांना तोटा नाही. फक्त गाड्यांचा काटा बहुधा ५ किंवा १० किलोच्या पटीत आकडा दाखवतो, हे ध्यानात ठेवा.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे कालवडीचं वय विचारतात. "किती महिन्यांची झाली?" "अजून माज कसा नाही?" कालवडीच्या शरीराला कॅलेंडर कळत नाही. अंगात शिल्लक किती आहे, हे मात्र नेमकं कळतं. खाल्लेलं आधी जगण्याला जातं, मग हाडा-मासाच्या वाढीला आणि त्यातून उरलं तर प्रजननाला. शरीरावर थोडी चरबी साठली, वजन एका टप्प्याला आलं, की रक्तातून तसा निरोप मेंदूला जातो. मेंदू मग अंडाशयाला चालना देणारी संप्रेरकं ठोक्याठोक्याने सोडू लागतो. तो टप्पा आला नाही तर दोन वर्षांची कालवडही माजावर येत नाही, किंवा मुका माज दाखवते. टप्पा लवकर आला तर वर्षाच्या आतसुद्धा येते. दुधाळ जातींमध्ये हा पहिला माज साधारणपणे पूर्ण वाढीच्या वजनाच्या ४५ ते ५० टक्क्यांवर येतो. भरवायची ५५ ते ६० टक्क्यांवर. आणि पहिल्यांदा व्याल्यानंतर तिचं वजन पूर्ण वाढीच्या ८२ ते ८५ टक्के असावं, असा जगभरचा दंडक आहे.

'पूर्ण वाढीच्या' हे शब्द आपण वाचताना गाळतो. तक्त्यावरचे २५० किलो सरसकट सगळ्यांना लावतो. तिसऱ्या-चौथ्या वेताला जिचं वजन ४५० किलो भरतं अशा गाईची कालवड २७० किलोला साठ टक्क्यांवर येते. ३८० किलोच्या गाईची कालवड २२८ किलोलाच तयार असते. दोघींना २५० ला भरवलं तर एकीला घाई झाली आणि दुसरीला दीड महिना फुकट पोसली. म्हणून कालवडीला टेप लावायच्या आधी तिच्या आईला लावा. आई तिसऱ्या वेताची किंवा पुढची हवी. बाजारातून आणलेल्या कालवडीची आई कुठून आणणार? मग गोठ्यातल्या तशाच बांध्याच्या मोठ्या गाईचं वजन धरा. अगदीच काही नसेल तर होल्स्टीन संकरितसाठी मी ४२० किलो धरतो, जर्सी संकरितसाठी त्याहून कमी.

वाढीचं गणित

वजनाचा आणि फळण्याचा हा संबंध ज्यांनी सर्वांत कसून तपासला, ते दुधवाले नव्हते. अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत मांसासाठी गायींचे मोठमोठे कळप पाळतात. तिथे गाईने वर्षाला एक वासरू दिलं नाही तर तिच्यापासून दुसरं काहीच उत्पन्न नाही. त्यामुळे कालवड केव्हा, किती वजनाला गाभण राहते, याच्यावर त्यांचा सगळा धंदा. वाढ समीकरणात बसवायची कामंही त्या देशांत मन लावून झाली. त्यातलं सोपं आणि आपल्या कामाचं समीकरण मिसूरी विद्यापीठातल्या सॅम्युएल ब्रॉडी यांचं. त्यांचा 'बायोएनर्जेटिक्स अँड ग्रोथ' हा ग्रंथ १९४५ चा. दुसरं गोम्पर्ट्झचं, तेही वासरांना छान लागू पडतं. गंमत अशी की बेंजामिन गोम्पर्ट्झ यांनी ते १८२५ मध्ये लंडनमध्ये मांडलं तेव्हा त्यांच्यापुढे गाय नव्हती, विम्यासाठी माणसांच्या मृत्यूचा हिशेब होता.

ब्रॉडींची कल्पना मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येते. जनावराचं पूर्ण वाढीचं वजन आणि आजचं वजन यांतली जी तूट आहे, तिचा एक ठरावीक हिस्सा ते दर महिन्याला भरून काढतं. तूट मोठी तेव्हा वाढ भराभर, तूट कमी होत गेली की वाढही मंद. जन्मतः वासरू २८ किलोचं, पूर्ण वाढ ४२० किलो, म्हणजे तूट ३९२ किलो. एक कालवड दरमहा तुटीच्या ६ टक्के भरून काढते असं धरा. महिन्यागणिक उरलेल्या तुटीला ०.९४ ने गुणत जा. साडेतेराव्या महिन्याच्या सुमारास ती २५० किलोला पोहोचते. दुसरी तिच्याच बांध्याची, तितक्याच वजनाने जन्मलेली, पण दरमहा ४ टक्केच भरून काढणारी. ०.९६ ने गुणत जा. तिला २५० किलो गाठायला साडेवीस महिने लागतात. गाभणकाळ दोघींचाही नऊ महिने आणि वर काही दिवस. पहिली पावणेदोन-दोन वर्षांच्या घरात विते, दुसरी अडीच वर्षांची होईपर्यंत गोठ्यात नुसती खात उभी असते. फरक सात महिन्यांचा. एवढी कालवड दिवसाला ६ किलोच्या आसपास कोरडा चारा-खाद्य खाते असं धरलं तर २१० दिवसांत सव्वा टनाहून जास्त. मोशी-चिखलीत कडबा विकत घेणाऱ्याने आपल्या दराने गुणून पाहावं.

सहा आणि चार. दोन टक्क्यांचा फरक डोळ्यांना दिसत नाही. रोज पाहणाऱ्याला तर नाहीच नाही. माझी कालवड मला रोज वाढतच दिसत होती.

ब्रॉडींचं समीकरण पहिल्या काही महिन्यांत जरा फुगवून आकडे देतं. लहान वासरू त्या वेगाने वाढत नाही, त्यामुळे जन्मापासून भरवण्यापर्यंतच्या काळासाठी मी सरळ रेषा वापरतो. २८ किलोपासून १५ महिन्यांत २५० किलो म्हणजे दिवसाला ४९० ग्रॅम. तीन महिन्यांची ७३ किलो, सहा महिन्यांची ११७, नऊ महिन्यांची १६२, वर्षाची २०७ आणि पंधरा महिन्यांची २५०. या पाच आकड्यांची रेषा वहीत काढा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टेप लावा आणि ठिपका टाका. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर पानाच्या डोक्यावर लिहा, म्हणजे डॉक्टर आले की कुठल्या कालवडीचं पान, हा वाद राहत नाही. कंपनीत असेच ठिपक्यांचे एसपीसी चार्ट भरलेल्यांना यापुढचं शिकवायची गरज नाही: एक ठिपका खाली गेला तर थांबा, माप चुकलं असेल, लागोपाठ दोन खाली गेले तर गव्हाणीत काहीतरी बिघडलंय.

रेषेला वरचीही हद्द असते, हे लोक विसरतात. तीन महिन्यांपासून पहिल्या माजापर्यंत कास शरीराच्या मानाने जास्त वेगाने घडत असते. या काळात पेंड ओतून कालवड फुगवली तर कासेत दूध तयार करणाऱ्या पेशींच्या जागी चरबी बसते. होल्स्टीनसारख्या मोठ्या जातीत दिवसाला ९०० ग्रॅम-किलोच्या पुढे गेलेल्या कालवडींत हा धोका दिसला आहे. आपल्या संकरित जनावरांचा बांधा त्याहून लहान, म्हणून मी ७०० ग्रॅमला वरची रेघ मारतो. त्यापलीकडे गेली तर कालवड लवकर गाभण राहील, पण पुढे दूध पाहून तुम्हीच म्हणाल, खाऊन-पिऊन अशी कशी? वजनाबरोबर उंचीही बघा. बांबूला इंचांच्या खुणा करून वशिंडापाशी उभा धरला की झालं. वजन वाढतंय आणि उंची थांबलीय, तर ती चरबी आहे. अशा बुटक्या, गोलमटोल कालवडीचं कमरेचं हाड अरुंद राहतं आणि वितेवेळी वासरू अडतं.

साठ टक्के का

इथे एक मतभेद आहे आणि त्यात मी कुठल्या बाजूला आहे ते सांगतो. मांसाच्या गायींमध्ये पूर्वी ६० ते ६५ टक्के वजनाचा दंडक होता. नेब्रास्कात फन्स्टन आणि डॉयचर या संशोधकांनी २००४ मध्ये कालवडींचे दोन गट करून पाहिले, एक ५३ टक्के वजनाला आणला, दुसरा ५८ टक्क्यांना. गाभण राहण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही आणि कमी वजनाच्या गटाचा खर्च वाचला. हे वाचून आपल्याकडेही कुणी म्हणतं, मग आपण कशाला साठपर्यंत थांबायचं?

कारण त्यांच्या हिशेबात एक दार उघडं आहे, ते आपल्याकडे बंद आहे. तिकडे लागतात त्याहून जास्त कालवडी वळूबरोबर सोडतात. ज्या राहतील त्या राहतील, ज्या रिकाम्या निघतील त्या मांसासाठी जातात आणि त्यांचेही चांगले पैसे येतात. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. न फळणारी कालवड इथे गोठ्यातच राहते किंवा गोशाळेत जाते. त्यातून आपल्याकडे गोठ्यात दोन कालवडी, त्यातली एक वाया गेली म्हणजे निम्मा माल रिजेक्ट. आपल्याला पन्नासातल्या पंचेचाळीस राहून चालत नाही, दोनातल्या दोन राहाव्या लागतात. म्हणून मी साठ टक्क्यांच्या बाजूचा आहे, दोन महिन्यांची वैरण जास्त गेली तरी.

त्याच लोकांची दुसरी एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घ्यावी. पहिल्याच माजाला भरवू नये. १९८७ मध्ये बायर्ली आणि सहकाऱ्यांनी मांसाच्या कालवडींवर हे तपासलं. पहिल्या माजाला भरवलेल्यांत ५७ टक्के गाभण राहिल्या, तिसऱ्या माजाला भरवलेल्यांत ७८ टक्के. पहिला माज दिसला की तारीख वहीत टाका, एकवीस दिवसांनी दुसरा येतो का ते पाहा, आणि वजन जुळलं असेल तर तिसऱ्याला रेतन करा. कालवड ४५ टक्क्यांना माजावर आली आणि ६० ला भरवायची, म्हणजे निदान पहिले दोन माज आपोआप मोकळे जातात.

रेषा खाली गेली तर

माझी १९७ किलोची कालवड मी भरवायची थांबवली आणि गव्हाण पाहिली. त्या दिवसांत मुख्य वैरण उसाचे वाढे होते, कारण दारात स्वस्त मिळत होते. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते खाद्यातलं कॅल्शियम बांधून टाकतं. हाडं घडायच्या वयात रोज वाढे म्हणजे आपणच वाढीला ब्रेक लावणं. शहराकडच्या गोठ्यांची दुसरी खोड म्हणजे शिळे पाव, भाकऱ्या, लग्नातला उरलेला भात. पोट एकदम आंबतं, जनावर दोन दिवस खात नाही, आणि असे दोन दिवस महिन्यातून तीनदा आले की चार्टवर ठिपका खाली दिसतो. भाजीबाजारातला पाला चालतो, पण तो ताजा आणि रोज सारख्याच प्रमाणात.

२०० किलोच्या कालवडीला मी जे देतो ते असं: १२ ते १५ किलो हिरवी वैरण, मका, नेपिअर किंवा कडवळ, जमेल तेव्हा त्यात थोडा लसूणघास, २ किलो कडबा कुट्टी, दीड किलो पशुखाद्य, ४०-५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि चमचाभर मीठ. खनिज मिश्रणात कंजुषी करू नका. फॉस्फरस कमी पडला की कालवड वाढते पण माजावर येत नाही, शिवाय दोऱ्या, हाडं, चपला चघळत बसते. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे. इथेही टेपच कामाला येते, कारण अंदाजाने कमी डोस दिला तर जंत मरत नाहीत.

चार महिन्यांनी त्याच कालवडीचा घेर ५६ इंच, लांबी ५१ इंच भरली. वजन २४२ किलो. दिवसाला पावणेचारशे ग्रॅमच वाढ झाली, रेषेपेक्षा कमीच. पण त्यानंतरचा माज पाहण्यासारखा होता. काचेसारखी स्वच्छ बळस, हंबरणं, दावं तोडायची धडपड, शेजारच्या गाईने वर पाय टाकला तर जागची न हलणं. सकाळी सहाला दिसला, संध्याकाळी रेतन केलं. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी गाभण म्हणून सांगितलं.

माज ओळखण्याबद्दल एकच सांगतो. आपल्याकडे कोबा केलेल्या जागेत, आखूड दाव्याला बांधलेली कालवड माज दाखवणार कशी? तिला दिवसातून दोन वेळा, पहाटे आणि रात्री, अर्धा-अर्धा तास मऊ जमिनीवर मोकळं सोडा आणि त्या वेळी मोबाइल बाजूला ठेवा. पहिल्या शिफ्टला जाणाऱ्याला पहाटेचा वेळ जमतो, तिसऱ्या शिफ्टवाल्याला रात्रीचा जमत नाही; घरातल्या बायका यात पुरुषांहून तरबेज असतात, वही त्यांच्या हाती द्या. सकाळी माज तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी माज तर दुसऱ्या सकाळी.

रेतनासाठी कुठलं बीज, हा स्वतंत्र विषय आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बाएफ ही संस्था उभी केली, तेव्हापासून दारात येऊन रेतन करणं आपल्या जिल्ह्यात नवं राहिलेलं नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची संकरित गाय फुले त्रिवेणीसुद्धा अनेकांनी पाहिली असेल. कालवडीसाठी दोन गोष्टी मात्र मागून घ्या: सोपी वीण देणाऱ्या वळूचं बीज, आणि परवडत असेल तर मादी वासरांसाठी वेगळं काढलेलं बीज. ते चांगल्या वाढलेल्या कालवडींतच जास्त लागू पडतं, हेही इथे जोडून घ्या.

एक कालवड अशीही भेटेल की रेषेवर व्यवस्थित, उंची उत्तम, खनिज मिश्रण चालू आणि माज काही नाही. ती जुळ्यातली आहे का, विचारा. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली जुळी कालवड दहात नऊ वेळा वांझ असते, गर्भातच गोऱ्ह्याच्या रक्तातल्या संप्रेरकांमुळे तिची पिशवी घडत नाही. तिला कितीही खाऊ घाला, उपयोग नाही. बाजारात अशी कालवड हमखास देखणी दिसते.

खिलारबद्दल दोन शब्द, कारण भोसरीत खिलार म्हटलं की कान टवकारतात. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ ला बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला राज्याचा कायदा कायम ठेवला. तेव्हापासून घाटावर पुन्हा बैल पळतात आणि खिलार गाई सांभाळणारे वाढले. खिलार मुळातच उशिरा वाढते, पहिलं वेत चार वर्षांच्या घरात येतं. तिला होल्स्टीनची रेषा लावून "मागे पडली" म्हणू नका. आईचं वजन घ्या, साठ टक्के काढा, आणि तिची स्वतःची रेषा काढा. पद्धत तीच, आकडे वेगळे.

व्याल्यावर वही बंद करायची नाही. पहिलारू गाय ८२-८५ टक्क्यांवर व्याली, म्हणजे तिची वाढ अजून शिल्लक आहे. ती तिसऱ्या वेतापर्यंत वाढत राहते. दूध, वाढ आणि पुन्हा गाभण राहणं, तिन्ही ओझी एकाच वेळी, आणि आपण खाद्य मात्र फक्त दुधाच्या लिटरवर मोजून घालतो. शरीर मग सगळ्यात शेवटचं काम सोडून देतं: माज. पहिल्या वेतानंतर गाय सहा-सहा महिने रिकामी राहण्याची तक्रार बहुतेक इथेच सुरू होते. दुधाच्या हिशेबावर तिला रोज किलोभर खाद्य वाढीसाठी म्हणून जादा घाला आणि व्याल्यावर दोन महिने टेप लावत राहा. वजन उतरायचं थांबून वर यायला लागलं, की माजाची वाट पाहा.

शनिवारी चाकणच्या बाजारात कालवड घ्यायला निघालात, तर खिशात इंचांची टेप ठेवा. विकणारा वय सांगेल, वंशावळ सांगेल, आईचं दूध सांगेल. सगळं ऐकून घ्या, मग छातीभोवती टेप फिरवा, मोबाइलवर ६६० ने भागा आणि त्यानंतरच भावाला हात घाला.